पहिला जपानी शहर-नकाशा कोणता घ्यावा : एदो, क्योटो की नागासाकी?

लाकडी ठशांवरून छापलेला जुना जपानी नकाशा पहिल्यांदा विकत घेताना बहुतेकांची नजर सर्वांत मोठ्या नकाशाकडे जाते. माझा सल्ला वेगळा आहे. पहिली खरेदी एदोच्या एखाद्याच भागाच्या छोट्या, घडीच्या नकाशाची करावी, आणि तोही ओवारिया सेइशिची या प्रकाशकाचा असावा. बाकीचे पर्याय वाईट नाहीत, काही तर फार सुंदर आहेत. पण नकाशा वाचायला जितकं हा प्रकार शिकवतो, तितकं दुसरा कुठलाच शिकवत नाही.

एदो म्हणजे आजचं टोकियो. शहराची जवळपास ७० टक्के जमीन सामुराई वर्गाकडे होती आणि त्यांच्या घरांवर नावाच्या पाट्या नसत. ‘बान्चोत राहतो, पण बान्चो ठाऊक नाही’ अशी तिथे म्हणच होती. बान्चो हा शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, किल्ल्याला लागून असलेला सामुराईंच्या घरांचा भाग. तिथे कुणाचं घर शोधायचं, तर हातात नकाशा हवाच. भागवार नकाशे किचिमोन्जिया या प्रकाशकाने १७५५ मध्येच काढायला घेतले होते, पण या प्रकाराला खरी भरभराट आली ती १८४६ नंतर. बान्चोशेजारच्या कोजिमाचीतल्या ओमिया गोहेईने आधी आपली मालिका काढली, आणि १८४९ पासून त्याच परिसरातल्या ओवारियाने आपली. ओवारियाची मालिका तिसाच्या वर नकाशांपर्यंत गेली.

या दोघांत निवड करायची झाली तर ओमियाचे नकाशे साधे, कमी रंगांचे आणि गंभीर प्रकृतीचे. काही संग्राहकांना तेच आवडतात. ओवारियाने मात्र रंगांनाच भाषा केलं. सामुराईंची घरं पांढरी, देवळं-मठ लाल, व्यापारी-कारागिरांच्या वस्त्या राखाडी, रस्ते पिवळे, पाणी निळं, झाडी आणि बांध हिरवे. दाइम्यो सरदाराचा मुख्य वाडा असेल तिथे त्याच्या घराण्याचं चिन्ह, दुय्यम वाड्यावर काळा चौकोन, शहराबाहेरच्या वाड्यावर काळा ठिपका. आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक नावाचं डोकं ज्या दिशेला, त्या दिशेला घराचं मुख्य दार. त्यामुळे शेजारशेजारची नावंही वेगवेगळ्या दिशांनी लिहिलेली असतात आणि नकाशा फिरवत फिरवतच वाचावा लागतो. जपानी येत नसलं तरी रंग, चिन्हं आणि नावांची दिशा एवढ्यावर तासभर सहज रमता येतं.

आणि हे सगळं आजच्या शहरात जाऊन पडताळता येतं. होंगो भागाच्या नकाशात कागा प्रांताच्या माएदा घराण्याचा प्रचंड वाडा दिसतो. आज तिथे टोकियो विद्यापीठ आहे आणि १८२७ मध्ये शोगुनच्या मुलीच्या लग्नासाठी बांधलेला त्या वाड्याचा लाल दरवाजा अजून उभा आहे. मितो घराण्याच्या वाड्यातली बाग कोइशिकावा कोराकुएन या नावाने आजही पाहता येते.

या नकाशांची मर्यादाही मोठी आहे. ते प्रमाणबद्ध नाहीत. ठरलेल्या कागदात भाग बसवण्यासाठी रस्ते ओढले-दाबलेले आहेत, त्यामुळे सगळे नकाशे जोडून अखंड एदो मिळेल अशी आशा ठेवू नये. पूर्ण संच मिळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा चांगल्या स्थितीतला एकच नकाशा घ्यावा.

अखंड शहर हवं असेल, तर एदोचे मोठे एकपत्री नकाशे. त्यांचं मूळ १६५७ च्या मेइरेकी आगीत आहे. त्या आगीत शहराचा बहुतेक भाग जळाला, नव्याने मोजणी झाली, आणि तिच्या आधारावर ओचिकोची दोइनने १६७० ते १६७३ दरम्यान पाच पत्रांचा नकाशा काढला. त्याचं प्रमाण सुमारे १:३२५०. ही दुर्मीळ गोष्ट आहे, नवख्या संग्राहकाने तिचा विचार करू नये. पुढे इशिकावा र्युसेनने १६८९ च्या सुमारास अचूकतेपेक्षा चित्रमयतेला जास्त जागा दिली. बाजारात सहसा दिसतात ते त्यानंतरचे, सुवाराया मोहेईने काढलेले ‘बुनकेन एदो ओएझु’. सामुराई घराण्यांच्या माहितीपुस्तिकाही हाच प्रकाशक काढायचा. कुणाची बदली झाली, कुणाचा वाडा हलला, की छपाईच्या लाकडी फळीतला तेवढा तुकडा कोरून काढून नवं लाकूड बसवायचं आणि पुन्हा छापायचं. पश्चिम बहुधा वर, आणि मधोमध किल्ला. पण किल्ल्याच्या आत काय आहे ते दाखवलेलं नसतं, तिथे फक्त ‘ओशिरो’ हा किल्ल्यासाठीचा आदरार्थी शब्द आणि शोगुन घराण्याचं चिन्ह.

अभ्यासाच्या दृष्टीने हा प्रकार श्रेष्ठ आहे, हे मान्य. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती शेजारी ठेवल्या की शहर कसं सरकलं ते कळतं. अडचण आहे ती घरात. दीड-दोन मीटरचा कागद उघडायला जमीन मोकळी करावी लागते, आणि प्रत्येक उघडण्यागणिक घड्या विरत जातात. भिंतीवर लावायचा तर चौकटीचा खर्च नकाशाच्या किमतीशी स्पर्धा करतो. छापलेल्या सालावरही फार विसंबता येत नाही. फळीवर जुनं साल तसंच राहतं आणि मधली नावं बदललेली असतात. कालनिर्णय साल पाहून नव्हे, त्या घरांत कोण राहतं हे पाहून करावा लागतो.

क्योटोचे नकाशे स्वभावाने शांत. हायाशी योशिनागाने १६८६ मध्ये काढलेल्या मोठ्या नकाशापासून एक घाट पडला : उत्तर वर, मध्ये चौकटी-चौकटींचं शहर बऱ्यापैकी नेटकं, आणि कडेच्या डोंगरांत मंदिरं चित्रांसारखी उभी. एकोणिसाव्या शतकात ताकेहारा कोहेईने हा प्रकार रंगांत आणला. हे नकाशे बहुतांशी दर्शनाला आणि सहलीला येणाऱ्यांसाठी होते. तुम्ही क्योटोला गेला असाल किंवा जाणार असाल, तर हाच घ्या, माझा एदोचा आग्रह बाजूला ठेवून. ओसाकाचे नकाशे मला तुलनेने कमी बोलके वाटतात, तिथे अनेकदा पूर्व वर आणि किल्ला माथ्यावर.

नागासाकीचा नकाशा पाहताक्षणी आवडतो. पंख्याच्या आकाराचं देजिमा बेट, त्यावर १६४१ पासून राहणारे डच, चिनी व्यापाऱ्यांची वेगळी वस्ती, बंदरात डच आणि चिनी जहाजं. हे नकाशे स्थानिक प्रकाशक आल्यागेल्या प्रवाशांना आठवण म्हणून विकत. १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या योकोहामा बंदराची सादाहिदे या चित्रकाराने काढलेली दृश्यंही याच कुळातली, उंचावरून पाहिल्यासारखी. भिंतीवर एकच नकाशा लावायचा असेल, तर नागासाकीला तोड नाही. पण पाश्चात्त्य संग्राहकांचं लक्ष याच दोन बंदरांवर असतं, म्हणून त्याच पैशांत एदोपेक्षा खराब प्रत पदरात पडण्याची शक्यता जास्त.

कोणताही घ्या, प्रतिकृतींपासून सावध राहा. ओवारियाच्या नकाशांची आधुनिक पुनर्मुद्रणं खूप झाली आहेत आणि त्यात लबाडी असतेच असं नाही, ती अभ्यासासाठी उत्तमच आहेत. पण किंमत मूळची मागितली जात असेल, तर भिंगातून पाहा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई. मूळ ठशाची शाई कागदात मुरते, मागच्या बाजूने रंग जाणवतो. किडीची भोकं घडीच्या दोन्ही अंगांना आरशासारखी जुळावीत; नुसता भोकाचा डागच छापलेला असेल, तर प्रश्नच मिटला. वेष्टनाचं कव्हर आणि त्यावरची नावाची पट्टी शाबूत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. मागे नवा कागद चिकटवलेला असेल तर विक्रेत्याने ते सांगायला हवं.

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने अनेक मूळ प्रती संगणकावर मोफत पाहायला ठेवल्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतला मित्सुई संग्रहही असाच पाहता येतो. विकत घ्यायचा नकाशा आधी तिथल्या प्रतीशी ताडून घ्या, रंग आणि नावं दोन्ही.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार खरेदीआधीच करावा. जपानी हातकागद चिवट असतो, पण बुरशी आणि कसर यांना तोही अपवाद नाही. आम्लविरहित कागदात सपाट ठेवणं उत्तम, थेट ऊन टाळावं, आणि लॅमिनेशन कधीही करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. दूरवरून मागवत असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा : पूर्ण उघडलेला नकाशा, त्याची मागची बाजू, आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात त्या जागा. मागच्या बाजूचा फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर तो व्यवहार सोडून द्यावा.