पेशंट यायला तयार नसेल, तर घरच्यांनी कुठे जायचं?

धाकट्या भावाच्या दारूपायी आम्ही दोन्ही दारं ठोठावली: व्यसनमुक्ती केंद्रातलं घरच्यांचं समुपदेशन आणि अल-अ‍ॅनॉन या, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाची बैठक. नागपुरात कोणी याच विचारात असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. (त्याआधी आईने त्याला वर्ध्याला मामाकडेही पाठवून पाहिलं होतं, तिथे दारूबंदी आहे म्हणून. आठवड्याभरात त्याने तिथेही सोय लावली.)

केंद्राची बाजू आधी सांगतो, कारण ती हलकी नाही. रोज पिणारा माणूस एकदम थांबला, की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भलतंसलतं दिसणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. भावाला फिट आली तेव्हा केंद्रातल्या सिस्टरांनी जे सांभाळलं, ते आम्हाला घरी जमलंच नसतं. वरणात गुपचूप गोळी घालायचं आईच्या मनात होतं. ती दारू सोडवायची गोळी, डायसल्फिराम, पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं, हे तिला तिथल्याच डॉक्टरांनी बसवून समजावलं.

घरच्यांसाठी शनिवारी एक तास असायचा, तोही चांगला. पण भाऊ घरी आला, महिन्याभरात पुन्हा सुरू झाला आणि पुढच्या तारखेला यायला साफ नाही म्हणाला. मी आणि आईच गेलो. काउंटरवरच्या माणसाने फाइल काढली आणि आमच्या मागे पाहिलं. "पेशंट कुठे आहे?"

आला नाही, म्हटलं.

"मग तुम्ही काहून आले? पेशंटला घेऊन या, मग बोलू."

फाइल परत रॅकमध्ये गेली. मे महिन्याच्या उन्हात आई दोन ऑटो बदलून आली होती. त्या माणसाचा दोष नसेलही, त्यांचं सगळं कामच पेशंटभोवती उभं आहे. सगळीकडे असंच असतं असंही नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. पण दारू तो पीत होता आणि झोप आमची उडाली होती. ते लिहायला त्या फाइलमध्ये जागाच नव्हती. माझं मन तिथेच फिरलं.

अल-अ‍ॅनॉनमध्ये पेशंट लागतच नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली ती अमेरिकेत सुरू केली, तीच मुळी घरच्यांसाठी. फी नाही, फाइल नाही. जमेल ते डब्यात टाकायचं, आडनाव सांगायचं नाही. तरी पहिल्या दिवशी मी वैतागलो. एक जण बोलणार, बाकीचे ऐकणार, धन्यवाद, पुढचा. सल्ला कोणी देईचना आणि मला तर उपाय हवा होता. त्यात मधूनमधून ईश्वरी शक्तीची भाषा, आणि खोलीत पुरुष मी एकटा. निदान सहा बैठकांना या, मग ठरवा, असं ते म्हणतात म्हणून जात राहिलो.

तिसऱ्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "रात्री दोनला उठून मी कूलरच्या टाकीत हात घालायची. पव्वा सापडला की रडायची, नाही सापडला तर आणखी शोधायची." आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरी हेच चालायचं. ती हात घालून गेली की तासाभराने मी घालायचो, आणि दोघांनीही ते एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं.

तिथली तीन वाक्यं आईला पाठ झालीत: हे मी लावलं नाही, मला ते आवरता येत नाही, मला ते बरंही करता येत नाही. तिला वाटायचं, आपल्याच लाडाने पोरगं बिघडलं.

तेव्हा तुमचा माणूस आज 'चला' म्हणत असेल, तर बैठकीची वाट पाहू नका, आधी डॉक्टर गाठा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइनही आहे. पण तो नाहीच म्हणत असेल, आणि बहुतेक घरांत तो नाहीच म्हणतो, तर त्याच्यासाठी थांबू नका, तुम्ही जा. मला विचाराल तर अल-अ‍ॅनॉनला जा. दोन्ही जमलं तर उत्तमच.

भाऊ अजून पितो. आई दर आठवड्याला बैठकीला जाते, आणि त्याला यायला उशीर झाला तरी आता वेळेवर जेवून घेते.