‘मुलगा दोन वर्षं मागे आहे’ म्हणत घरात येतात आणि कर्ज चिकटवून जातात

हा प्रकार आमच्या घरात इचलकरंजीत घडला. पण तो एका गावापुरता नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. ज्यांची मुलं पाचवी ते आठवीत आहेत आणि ज्यांच्या घरात महिन्याचा मेळ जेमतेम बसतो, त्यांनी जरूर वाचावं. टॅबवरची शिकवणी विकणारी ही माणसं नेमकी अशीच घरं शोधतात.

आमच्या मुलाचं नाव पहिलीत घातलं ते जून २०२० मध्ये. शाळा बंद. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग भरायला परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ पासून, आणि जानेवारीत लाट आल्यावर पुन्हा कुलूप लागलं. म्हणजे अक्षर गिरवायचं, जोडाक्षर फोडायचं, हातचा घ्यायला शिकायचं, ते सगळं वय घरात गेलं. घरात फोन एकच, तो यांच्याबरोबर मागावर जायचा. ज्यांच्या घरी प्रत्येकाला फोन होता, आई-वडील शेजारी बसून शिकवू शकत होते, त्यांची मुलं तरली. ही दरी खरीच आहे, आणि धंदा या खऱ्या दुखण्यावरच उभा आहे.

२०२४ च्या दिवाळीनंतर शाळेच्या फाटकाबाहेर ‘मोफत प्रज्ञा चाचणी’चे फॉर्म वाटले गेले. मुलाचं नाव, वर्ग, पालकांचा फोन. काही दिवसांनी एक तरुण मुलगा टॅब घेऊन दारात आला. नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. त्यानं आमच्या मुलाला नावानं हाक मारली. चाचणी घेतली ती टॅबवर, प्रश्न अर्धे इंग्रजीत, कोपऱ्यात सेकंद पळतायत. मराठी माध्यमाच्या, टॅब पहिल्यांदा हातात धरणाऱ्या पोराचं जे व्हायचं तेच झालं. लगेच पडद्यावर लाल रंगाचा अहवाल आला : ‘दोन वर्षं मागे.’ मग त्यानं हळूच सांगितलं, “ताई, आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर त्याच वर्गात बसवतात.” पाचवी आणि आठवीला परीक्षा आहे हे खरं. नापास झालेल्या मुलाला आधी पुरवणी परीक्षेची संधी द्यावी लागते, हे मात्र त्यानं गाळलं.

फी सांगितली बहात्तर हजार. आमचे चेहरे बघून म्हणाला, गरीब घरातल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, निम्म्यात होईल, पण तुमच्या भागात तीनच जागा आहेत आणि यादी आज रात्री बंद होते. माहितीपत्रकावर ‘निपुण भारत’ असं ठळक छापलेलं. ते लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचं सरकारी अभियान आहे, जुलै २०२१ मध्ये सुरू झालेलं. त्या नावाचा या विक्रीशी काडीचा संबंध नव्हता.

यांनी सरळ विचारलं, “हे कर्ज न्हाई न्हवं?”

“छे हो दादा, फीचे हप्ते आहेत. महिना पंधराशे, चोवीस महिने. मोबाइल द्या, नोंदणी मी करून देतो.”

आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. पानं इंग्रजीत, बोट त्याचं, सरकवणं त्याचं. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, यांच्या नावावर. कर्जाचे पैसे थेट शिकवणीच्या कंपनीला गेले आणि आमच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप हप्ता कापायची मंजुरी त्याच ओटीपीत दिली गेली.

टॅब बऱ्याच दिवसांनी आला. उघडला तर पाचवीचे अपूर्णांक. ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी अडते, त्याच्यापुढे अपूर्णांकांची रंगीत चित्रफीत! लाल अहवालात जे ‘मागे’ म्हणून दाखवलं, त्यातलं काहीही त्यात नव्हतं. ‘थेट शिक्षक’ म्हणजे शेकडो मुलांचा एकच वर्ग, त्यात प्रश्न टाइप करायचा. आमचा मुलगा टाइप करेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो याच गोष्टीचा. मागे राहिलेल्या मुलाला पुढे आणायची पद्धत आपल्या देशात माहीत आहे, सिद्ध झालेली आहे. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमधून सुरू झाली. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांमधल्या त्यांच्या बालसखी उपक्रमावर (मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणी शिकवायच्या) अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी संशोधन केलं. या दोघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकल क्रेमर यांच्यासोबत मिळालं. पद्धतीचा गाभा साधा आहे : मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवा, ते कुठे अडतंय ते बघा, सारख्या पातळीची मुलं एकत्र बसवा आणि तिथून सुरू करा. त्याला टॅब लागत नाही. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये ती १६.३ वर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ वर आली. म्हणजे जे घसरलं होतं ते याच सरकारी शाळांत भरून निघालं, आणि कोविडच्या आधीपेक्षाही वर गेलं.

आमच्या मुलाचंही शाळेतच भरून निघालं. त्याच्या बाईंनी एका कागदावर अक्षरं, दुसऱ्यावर साधे शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट असं त्याच्याकडून वाचून घेतलं. दहा मिनिटांत कळलं की शब्द येतात, जोडाक्षराला गाडी थांबते. त्या पातळीची वेगवेगळ्या वर्गांतली मुलं बाई मधल्या सुट्टीनंतर एकत्र घेऊ लागल्या. उन्हाळ्यापर्यंत तो गोष्ट वाचू लागला. ही तपासणी कुठल्याही घरात होते. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या, एक पान वाचायला सांगा, वेळ लावू नका. मूल कुठे अटकतं ते तुम्हालाच दिसेल, आणि कुणी लाल अहवाल घेऊन आला तर तुलनेला तुमच्याकडे काहीतरी असेल.

आता पैशाचं. ‘पसंत नाही तर पंधरा दिवसांत पैसे परत’ असं तोंडी आश्वासन होतं. करारात ते दिवस मोजले होते ओटीपी दिल्यापासून, आणि टॅब यायलाच त्यातले बहुतेक दिवस गेले. उरलेल्या दिवसांत त्यांची ‘मार्गदर्शक’ ताई रोज फोन करून सांगायची, थोडं थांबा, मुलाला सवय होऊ दे. रद्द करायचं तर नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहायचं अशी अट. तो ईमेल त्या विक्रेत्यानं स्वतः तयार केलेला, पासवर्ड त्याच्याकडे. पुढे त्याचा फोन लागेना.

खात्यात पैसे नसले की हप्ता परत जायचा, त्यावर बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा. मग वसुलीचे फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्हाला रात्री नऊला येत. मी शिलाईचं नवं मशीन घ्यायला पतसंस्थेत गेले, तेव्हा यांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसली आणि आमचं काम अडलं.

ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देताना सगळ्या खर्चाचा एक तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो आणि समजावून सांगावा लागतो. अशा मुदतीच्या कर्जात तो तक्ता किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य असतो, म्हणजे ‘आजच सही करा’ याला आधारच नाही. आम्हाला आली ती इंग्रजीतली एक लिंक. याच मुद्द्यावर आम्ही फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत समाधान झालं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. त्याला पैसे लागत नाहीत, माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. त्यानंतर कर्ज बंद झालं, टॅब परत गेला, सिबिलवरची नोंद निघाली. भरलेले हप्ते आणि दंड मात्र बुडाले.

बँकेत जाऊन हप्ता कापायची मंजुरी रद्द करता येते, पण तेवढ्यानं कर्ज संपत नाही. तक्रार बरोबरीनं हवीच. शिकवणीच्या कंपनीविरुद्ध आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. खोटी घाई दाखवून शिकवणी विकण्याला नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे, तक्रारीत त्याचा उल्लेख करा. करारात लांबच्या शहरातलं न्यायालय लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

आमच्या गल्लीत आणखी काही घरांत तोच टॅब आहे. सारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र दाद मागता येते, आणि बुडालेल्या हप्त्यांसाठी आम्ही तेच करतोय. तुमच्या घरीही असं झालं असेल तर बँकेचं खातेपुस्तक, सगळे मेसेज आणि टॅब पोचल्याची पावती आजच बाजूला काढून ठेवा. कागदावर दोन तारखा शेजारी-शेजारी लिहा : कर्ज मंजूर झाल्याची आणि टॅब हातात पडल्याची. आमच्या तक्रारीत सर्वांत जास्त उपयोग त्या दोन तारखांचा झाला.