मुलांसाठी विनोदी सायन्स फिक्शन: चित्रांची डायरी घ्यावी की प्रकरणांची गोष्ट?

आठ ते बारा वयाच्या मुलासाठी हसवणारं सायन्स फिक्शन शोधायला गेलं की साधारण दोन प्रकार हातात येतात. एक डायरीसारखा, पानावर चार ओळी, मधेच रोबोटचं कार्टून, मोठ्ठ्या अक्षरात धडाम वगैरे. दुसरा सरळ प्रकरणांचा, चित्रं मोजकी आणि विनोद वाक्यांमधे. आम्ही लेकीसाठी दोन्ही आणले, दोन्ही वाचून संपवले, त्यामुळे जे सांगतोय ते आमच्या घरातलं आहे, तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं.

डायरीवाल्यांचं आधी मनापासून कौतुक. जाड पुस्तक दिसलं की पळणाऱ्या मुलांना वाचायला बसवायचं तर यांच्याइतकं चांगलं काही नाही. लेकीने पहिलं पुस्तक एका दिवसात संपवलं आणि "मी दोनशे पानं वाचली" असं घरभर सांगत फिरली, तो आत्मविश्वास खरा होता आणि पुढे कामी आला.

माझं गाडं अडलं ते रात्री. आमच्याकडे झोपताना मी वाचतो आणि ती डोळे मिटून ऐकते. आता डायरीत वाक्य असतं "आणि मग हे असं झालं", आणि खाली चित्र. गंमत सगळी चित्रात. मग "काय झालं? दाखव ना बाबा" म्हणून ती उठणार, बघणार, हसणार, परत आडवी होणार, की दोन ओळींनी पुन्हा तेच. मी चित्रं तोंडाने सांगून बघितली, पण रोबोटच्या डोक्यावर बादली आहे हे ऐकून कोणाला हसू येतं? अर्ध्या तासाने तिची झोप पूर्ण उडालेली आणि गोष्ट होती तिथेच. चार रात्री असं झाल्यावर मी ती पुस्तकं दिवसाच्या कपाटात ठेवली. बाकी तक्रारी मी सोडून दिल्या असत्या, ही नाही सोडता आली.

दुसऱ्या प्रकारातल्या एका गोष्टीत पोरगं मंगळावर आणि आई पृथ्वीवर, आई ओरडते "तो डबा उघडू नकोस", पण आवाज पोचेपर्यंत डबा उघडून, खाऊन, धुवून ठेवलेला. लेक अंधारात खदाखदा हसली. सकाळी विचारलं, खरंच एवढा उशीर लागतो का? मग आम्ही कागदावर हिशोब मांडला: रेडिओ संदेश जातो प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर, मंगळ जवळ असेल तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटर आणि लांब असेल तेव्हा ४० कोटी, म्हणजे ३ मिनिटांपासून २२ मिनिटांपर्यंत. त्यात विज्ञान काढून टाकलं तर विनोदच उरत नाही, आणि मला नेमकं हेच हवं होतं. डायरीवाल्यांत (आम्ही वाचलेल्या तरी) यानाच्या जागी शाळेची बस ठेवली तरी गोष्ट तीच राहते.

ढेकरांचंही तसंच. ढेकर दोन्हीकडे भरपूर असतात, त्या वयाला त्या लागतातच. पण वजनरहित अवस्थेत पोटातला वायू वर येऊन वेगळा होत नाही, त्यामुळे ढेकरेबरोबर पातळ अन्नही वर येऊ शकतं, हे कळल्यावर अंतराळवीराच्या जोकवर ती दुप्पट हसली.

प्रकरणवाल्यांचे दोषही आहेतच. पहिली दोन-तीन प्रकरणं संथ जातात आणि काही लेखक कुठल्यातरी शास्त्रज्ञाच्या तोंडून पानभर लेक्चर देतात, तिथे मूल जांभया देतं, मी सरळ दोन परिच्छेद उडवतो. अनुवाद घेत असाल तर जरा बघून घ्या, शब्दांच्या कोट्या बहुतेक मरतात, प्रसंगातून येणारा विनोद बऱ्यापैकी टिकतो.

तुमचं मूल एकटंच वाचणार असेल आणि अजून वाचायला कुरकुरत असेल तर डायरी घ्या, काही चुकणार नाही. पण सोबत वाचणार असाल तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. ठरत नसेल तर घेण्याआधी मधलंच एखादं पान उघडून चित्र न दाखवता मोठ्याने वाचा आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघा, मी आता प्रत्येक पुस्तकाचं तसंच ठरवतो.