डीएमआयटी: ठसे खरे, अहवाल हवेतला

शाळेच्या पालकसभेबाहेर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये हल्ली ‘मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता ओळखा’ असा फलक लावून डीएमआयटीचं, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याचा दावा करणाऱ्या चाचणीचं टेबल मांडलेलं दिसतं. बोटांचे ठसे द्यायचे, काही हजार रुपये भरायचे, की थोड्या दिवसांत रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल हातात. आजीच्या ‘दहा चक्रं म्हणजे राजा’ची ही संगणकीय आवृत्ती. आजी पैसे घेत नव्हती, एवढाच फरक.

ठसे घेण्याचं काम मात्र शास्त्रीय पद्धतीचं आहे. प्रत्येक बोटाच्या मधल्या, डाव्या आणि उजव्या भागाचा एकेक, म्हणजे एकूण ३० ठसे. कडा घ्याव्या लागतात, कारण तीन दिशांच्या रेषा जिथे भिडतात तो संगम बहुधा कडेला असतो. ठशाच्या मध्यापासून त्या संगमापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि ती किती रेषा ओलांडते ते मोजायचं. शंखाला (रेषा वळून आल्या बाजूला परत जातात) असा संगम एक, चक्राला (रेषा गोल फिरतात) दोन. साध्या कमानीला (रेषा एका कडेकडून दुसरीकडे जातात) एकही नाही, म्हणून मोजणी शून्य. हात घामट असले किंवा कातडी सोलवटलेली असली की रेषा तुटक दिसतात आणि सॉफ्टवेअर संगमाची खूण भलतीकडेच टाकतं. खुणा केलेले ठसे दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथेच उठा.

गडबड पुढे आहे. एकेक बोट मेंदूच्या एकेका भागाला बांधलं जातं आणि त्या बोटावरच्या रेषांचा एकूण रेषांतला वाटा म्हणजे त्या ‘बुद्धिमत्तेचे’ टक्के. या जोडणीला कसलाच आधार नाही. कमान आली की हिशेब शून्यावर अडतो. मग ‘अमर्याद क्षमता’ लिहून वेळ मारून नेतात.

विक्रेते सांगतात, रेषा आनुवंशिक असतात. खरं आहे. ठसे गर्भातच, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पक्के होतात आणि एकूण रेषांची संख्या बरीचशी आईवडिलांकडून येते. डाऊन सिंड्रोमसारख्या स्थितीत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हेही खरं. पण रेषा आनुवंशिक, शिक्षणातही आनुवंशिकतेचा वाटा, म्हणून रेषांवरून शिक्षण कळतं, हा तर्क म्हणजे उंची वारशाने येते म्हणून चपलेच्या मापावरून गणिताचे मार्क सांगण्यासारखा.

थेट डीएनए वाचूनही फार हाती लागत नाही. २०२२ मध्ये सुमारे ३० लाख लोकांवर झालेल्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेल्या जवळपास ४००० जागा डीएनएमध्ये सापडल्या. त्यावरून काढलेला गुणांक माणसामाणसांतल्या शिक्षणाच्या फरकापैकी १२ ते १६ टक्केच सांगतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतर वंशांत तो आणखी दुबळा पडतो. शिवाय आइसलँडमध्ये २०१८ साली दिसलं, की आईवडिलांची जी जनुकं मुलात उतरलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध असतो. उतरलेल्या जनुकांच्या तुलनेत हा परिणाम सुमारे ३० टक्के. तो पोचतो घरातून: आईवडील किती शिकले, घरात वाचन किती, गणित अडलं तर शेजारी बसणारं कोणी आहे का. बोटांच्या ठशात यातलं काय उमटणार?

आठवी-नववीनंतर विषय निवडायचे असतील तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून कल आणि क्षमतेची लेखी चाचणी करून घ्या. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हे काम करते. कुठेही गेलात तरी दोन गोष्टी विचारा: मुलाचे गुण ज्या गटाशी ताडले जातात तो भारतीय मुलांचा आहे का, आणि चाचणी पुन्हा घेतली तर निकाल कितपत तोच येतो.

डीएमआयटीला पाचपैकी शून्य. पैसे भरून झालेच असतील, तर ठशांच्या मूळ प्रतिमा पुसून टाकल्याचं लेखी घ्या. मुलाच्या आधारला हीच बोटं लागतात.