डिसोसिएशनचा ऑनलाइन कोर्स: चौथ्या भागासाठी घ्या

डिसोसिएशन म्हणजे आठवणी, भान, ओळख यांचा एकमेकांशी असलेला धागा तुटणं. धाकट्या भावाला मागच्या वर्षी त्यातल्याच डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशियाचं, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी न आठवण्याच्या आजाराचं, निदान झालं. डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही. म्हणून घरच्यांसाठी असलेला हा सहा भागांचा कोर्स घेतला. कोर्स इंग्रजीत आहे, खाली मराठी कॅप्शन येतात.

सुरुवातीचे भाग म्हणजे नुसता इतिहास. 1889 मधलं फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जानेचं पुस्तक, 1994 मध्ये 'मल्टिपल पर्सनॅलिटी'चं (एकाच माणसात अनेक ओळखी) नाव बदलून झालेलं 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' वगैरे. दुप्पट वेगाने पळवा, काही बिघडत नाही.

चौथा भाग मात्र मी तीनदा पाहिला. भावाला नवा फोन घेतल्याचं आठवत नाही, दुकानात मी सोबत होते तेही नाही. पण फोन हातात दिला की अंगठा आपसूक लॉकचा पॅटर्न काढतो. मला वाटायचं, सोंग करतोय. (एकदा तोंडावर बोललेही.) कोर्स शिकवणाऱ्या मॅडम सांगतात, हाताला लागलेली सवय वेगळी आणि 'हे माझ्यासोबत घडलं' ही आठवण वेगळी. या आजारात अडते ती सहसा दुसरी. ती पुसलेली असतेच असं नाही, तिथवर पोचता येत नाही. म्हणून "अरे, आठव ना" करत मागे लागायचं नाही. आणि आपण तपशील पुरवून गाळलेल्या जागा भरायच्या नाहीत, त्यातून खोटी आठवण तयार होऊ शकते. मी दोन्ही उद्योग केले होते.

पाचव्या भागात आपल्याला डिसोसिएशन किती होतं हे पाहणारी 28 प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रवासातला मधला रस्ता आठवत नाही, यालाही तिथे गुण पडतात. मी सोडवली आणि रात्रभर घाबरून बसले. ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे, हे त्यांनी प्रश्नांच्या आधी सांगायला हवं होतं. सांगतात शेवटी.

सहावा भाग 'मी कोण' या ओळखीबद्दल, म्हणजे एकाच माणसात अनेक ओळखी असण्याबद्दल. त्यात एक नटी आवाज बदलबदलून वेगवेगळी 'माणसं' होते, मागे भुताच्या सिनेमासारखं संगीत. प्रत्यक्षात हे बदल बऱ्याचदा शेजारी बसलेल्यालाही कळत नाहीत, असं याच मॅडमनी तिसऱ्या भागात सांगितलंय!

पाचपैकी साडेतीन तारे. कॅप्शन मशीनने केलेत, ते बंदच ठेवा. 'आल्टर' म्हणजे ओळखीचे वेगवेगळे भाग. मशीनला ती देवळातली वेदी वाटली. "तिच्या आत सात वेद्या आहेत," असं वाचून आई अर्ध्यातून उठून गेली.