एसटीची मजा रेल्वेला आली नाही : ‘नवरा माझा नवसाचा 2’

सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा’ हा आम्हा बेळगावकरांच्या घरांतला लाडका चित्रपट आहे. 2007 साली त्यांनीच विष्णुवर्धन यांना घेऊन त्याची ‘एकदंत’ ही कन्नड आवृत्ती केली, त्यामुळे आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड शेजारी एकाच गोष्टीवर हसले आहेत. त्यामुळे 2024 च्या सप्टेंबरात आलेल्या दुसऱ्या भागाकडून फार अपेक्षा होत्या, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत याचे मनापासून वाईट वाटते.

पहिल्या भागाचे खरे बळ त्या लाल एसटीत होते. निपाणीहून किंवा सावंतवाडीहून एसटीने आलेल्या कोणालाही ठाऊक आहे की, चाळीस-पन्नास अनोळखी माणसे एका डब्यात कोंडली गेली की घाटाच्या दुसऱ्या वळणापर्यंत त्यांचे एक कुटुंब होते. तिथे एकाने सूर लावला की सगळी गाडी गाते, म्हणूनच गाणी कथेतून उगवल्यासारखी वाटत. नव्या भागात गणपतीपुळ्याचा प्रवास कोकण रेल्वेने होतो. लांबलचक गाडीत माणसे विखुरतात, विनोदही विखुरतो, आणि गाणी मध्येच थांबा घेतल्यासारखी येतात.

स्वप्नील जोशी मेहनत घेतात. अशोक सराफ मात्र कंडक्टरचे टीसी झाले तरी नुसत्या नजरेने हसवतात, आणि ते पडद्यावर असेपर्यंत जुना आनंद परत येतो. तेवढ्यासाठी एकदा पाहावा, शक्यतो घरच्यांबरोबर.