विद्युत-चुंबक किट, दिवाळी ते श्रावण वापरल्यावर: मोटारीचं घोडं कुठे पेंड खात होतं

किटमध्ये काय काय येतं ते जाहिरातीत आहेच, ती यादी पुन्हा देत नाही. मला मोटारीबद्दल बोलायचंय. दीड हजारांच्या या खोक्यावर सगळ्यात मोठं चित्र मोटारीचं आहे आणि नेमकी तीच फिरत नव्हती. तारेच्या गुंडाळीला (कॉइलला) टिचकी मारली की अर्धा फेरा घ्यायची, मागेपुढे झुलायची आणि थांबायची. माझ्या सातवीतल्या मुलीने सेल बदलले, चुंबक उलटा करून पाहिला, गुंडाळीची दोन टोकं ज्यांवर टेकून वीज घेतात त्या आधाराच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. फरक शून्य.

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, कॉइल कन्झ्युमेबलमध्ये येते, वॉरंटी नाही." म्हणजे १९९ रुपये आणि वर कुरिअरचा खर्च. पोरीचं तोंड पाहवेना म्हणून मागवली, तर तीही तशीच झुलली. ज्या भागावर अख्खं किट विकलं जातं, त्यालाच झिजणारा सुटा भाग म्हणून हात झटकायचे, हे मला अजिबात पटलेलं नाही. त्या दिवशी लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

उलगडा झाला तो कोल्हापुरात, उद्यमनगरात. पंखा वाइंडिंगला टाकायला गेले होते, मुलगी कॉइल घेऊन सोबत आली होती. तिथल्या वाइंडिंगवाल्या काकांनी टोकं उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, दोन्हीकडनं गोल सोलल्यात की. एक टोक अर्धंच सोलायचं असतंय. ही कशी फिरंल?"

तांब्याच्या या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, त्यातून वीज जात नाही. गुंडाळीतून वीज गेली की ती स्वतःच चुंबक होते आणि खालच्या चुंबकाकडे वळते. पण चुंबकाशी जुळून आल्यावर ती आणखी पुढे गेली की तेच बल तिला मागे ओढतं. वीज सतत चालू राहिली तर ती तिथेच झुलून थांबणार. म्हणून एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याची अर्धीच गोलाई. मग अर्धा फेरा वीज मिळते, उरलेला अर्धा फेरा गुंडाळी नुसत्या वेगावर पार करते. मोठ्या मोटारीत कॉम्युटेटर दर अर्ध्या फेऱ्याला विजेची दिशा उलटवतो. इथे दिशा उलटत नाही, वीज फक्त तोडली जाते, तरी काम भागतं. किटच्या कारखान्यात दोन्ही टोकं पूर्ण सोलून येतात आणि पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

घरी येऊन मुलीने काकांचं ऐकलेलं उलटं वापरलं. थर गेलाच आहे तर परत चढवू या म्हणाली. एका टोकाच्या अर्ध्या गोलाईवर तिने माझं नेलपॉलिश लावलं, गुंडाळी उभी धरून, तारेच्या फक्त वरच्या बाजूला. वाळल्यावर टिचकी मारली आणि मोटार भिरभिरायला लागली. इतकी छान फिरली की आजीला उठवून दाखवलं. पैसे आणि मनस्ताप दोन्ही गेले होते, तरी तो आनंद दीड हजारांच्या वरचा होता, हे मला मान्य करावंच लागेल.

तेव्हापासून माझं मत बदललंय. बाकीचं सामान बरं आहे. तारेतून वीज सोडली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हा डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडचा १८२० सालचा प्रयोग पहिल्या फटक्यात जमला. खिळ्याचा विद्युतचुंबक टाचण्या भरपूर उचलतो. सेलचं प्लास्टिकचं खोकं मात्र हलकं आहे. या गुंडाळीचा रोध अगदी कमी असल्याने सेल पटकन तापतात. मोटार थोडा वेळच चालवा, मुलांजवळ बसा आणि चार्जिंगचे सेल वापरू नका, त्यांतून आणखी जास्त वीज वाहते.

किंमत अजूनही खुपते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलेल्या अरविंद गुप्तांनी हीच मोटार एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि थोड्या तारेत मुलांपर्यंत पोचवली. तार आम्हाला काकांनी उरलेल्यातली फुकट दिली, चुंबक जुन्या स्पीकरमधून निघाला. मुलीने मैत्रिणीसाठी दुसरी मोटार केली तेव्हा खर्च फक्त सेलचा झाला. आणि टोकं तिने स्वतः खरवडल्यामुळे मोटार का फिरते हे ती आता कुणालाही सांगू शकते. किटमध्ये सोललेली कॉइल देऊन कंपनीने मुलांच्या हातचं नेमकं तेच काम काढून घेतलंय. न सोललेली तार आणि पॉलिश पेपरचा तुकडा दिला तर त्यांचाही खर्च कमीच होईल.

हेच मी त्यांना ईमेलने कळवलंय, अजून उत्तर नाही. सध्या तीन तारे. सवलतीत मिळालं तर घ्या, छापील किमतीला नको. पुस्तिकेत अर्ध्या गोलाईचं ते एक वाक्य आलं की चौथा तारा देईन.